ईव्ह ऑनलाइन, अकरा महिन्यांनंतर: जहाज गेलं, तिजोरी गेली, मी अजून आहे

आधी हिशेब सांगते, कारण माझा धंदाच तो. ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन गेम खेळायला लागून अकरा महिने झाले. पहिले तीन फुकटच्या अल्फा खात्यावर, पुढचे आठ पैसे भरून ओमेगावर. गमावलेली जहाजं ३४. मारलेली १९, त्यातली माझी म्हणावीत अशी चार. बाकीच्या वेळी घोळक्यात उभी राहून मीही हात धुऊन घेतले.

नाशिकला एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. धाकटा भाऊ जर्मनीत असतो, त्याने हा गेम गळ्यात बांधला. "ताई, हा तुझ्याच टाइपचा आहे, अख्खा एक्सेल आहे." मला वाटलं चेष्टा करतोय. पण २०२२ मध्ये खुद्द कंपनीनेच मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सेलची जोडणी जाहीर केली आहे. म्हणजे चेष्टा कुठे संपते ते त्यांनाही ठाऊक नसावं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा गेम मे २००३ मध्ये आला, आइसलंडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी कंपनीचा. सात हजारांहून जास्त सूर्यमाला, आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच दुनियेत. इथे 'दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन नव्याने सुरुवात करू' ही सोय नाही. ज्याच्याशी भांडलात तो सहा महिन्यांनी बाजारात शेजारी उभा असतो. चलन आयएसके, बोलताना इस्क. आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचा कोडही हाच आहे, आणि भाऊ त्यावर जे विनोद करतो ते इथे लिहीत नाही.

पहिले दोन महिने मी दगड फोडले. खरंच. व्हेंचर नावाचं छोटं खाणकामाचं जहाज, समोर लघुग्रह, आणि वेल्डस्पार नावाचा सगळ्यात स्वस्त धातुपाषाण. ऑफिसातून आल्यावर भाजी निवडत हे करता येतं, आणि डोकं इतकं शांत होतं की जपमाळ ओढल्यासारखं वाटतं. मग माल साठला, आणि तो जिताला नेऊन विकावा असं मनात आलं. जिता म्हणजे या दुनियेची मार्केट यार्ड. चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळच्या एका स्टेशनात जवळजवळ सगळं काही विकलं जातं, आणि तिथल्या गप्पांच्या खिडकीत "पैसे पाठवा, दुप्पट करून देतो" म्हणणाऱ्यांची रांग लागलेली असते. ही फसवणूक नियमात बसते. पाठवलेत तर गेले, तक्रारीला जागा नाही.

तर मी बॅजर नावाच्या मालवाहू जहाजात १४ कोटी इस्कचा माल भरला, ऑटोपायलट लावला आणि कणीक मळायला गेले. ऑटोपायलट जहाजाला थेट गेटवर, म्हणजे पुढच्या सूर्यमालेत नेणाऱ्या दारावर, नेत नाही, काही किलोमीटर अलीकडे सोडतो, आणि मग ते बैलगाडीच्या चालीने पुढे सरकतं. उएडामा नावाची सूर्यमाला आहे, सुरक्षा ०.५, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित. हात पुसत परत आले तर स्क्रीनवर कॅटॅलिस्ट जातीची तीन लढाऊ जहाजं, बॅजरची पट्टी लाल, आणि पाठोपाठ स्फोट. त्यानंतर कॉन्कॉर्ड, म्हणजे तिथले पोलीस, आले आणि त्यांनी तिघांनाही उडवलं. मला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात चौथं जहाज आलं, माझ्या सांगाड्यातला शिल्लक माल उचलला आणि निघून गेलं.

भावाला फोन केला तेव्हा तो पोट धरून हसला. "ताई, कॉन्कॉर्ड वाचवत नाही. कॉन्कॉर्ड फक्त शिक्षा करतो." त्या तिघांना आपली जहाजं जाणार हे आधीच माहीत होतं, स्वस्त जहाजं होती, तो त्यांचा खर्च होता आणि माझा माल हे उत्पन्न. पोलीस यायला किती सेकंद लागतात, तेवढ्यात किती मारा करता येतो, मालाची किंमत किती, सगळं मांडून झालेलं. मी आयुष्यभर ताळेबंद बघितले, पण स्वतः कुणाच्या तरी ताळेबंदातली जमेची बाजू झाल्याचा अनुभव पहिलाच. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाची मेल आली: ऑटोपायलट वापरू नका, माल दोन खेपांत न्या, जहाजाला अमुक भाग लावा. खाली दोन कोटी इस्क. लुटणाऱ्याने परतीचं रिक्षाभाडं द्यावं तसं. राग यायला हवा होता. मी त्याला आभाराची मेल पाठवली.

तिथून खेळाची खरी चव लागली. बाकीच्या गेममध्ये मेलात की पाच सेकंदांत उभे राहता, काही जात नाही. इथे जहाज गेलं की गेलं. त्यामुळे रिकाम्या गेटमधून पलीकडे उडी मारली तरी छातीत धडधडतं. गेट ओलांडल्यावर हलला नाहीत तर मिनिटभर तुम्ही अदृश्य असता. त्या मिनिटात आजूबाजूची चार जहाजं बघायची, त्यांच्या माणसांची नावं वाचायची आणि ठरवायचं: पळायचं की थांबायचं. माझ्या ऑफिसच्या अख्ख्या मार्च महिन्यात एवढी एकाग्रता होत नाही.

मग एका लहान कॉर्पमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत, गेले. चाळीसेक माणसं, बहुतेक युरोपातली. व्हॉइसवर पहिल्यांदा बोलले तेव्हा दोन सेकंद शांतता, मग एकाने नको ते बोलून घेतलं. म्होरक्याने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. म्हणून थांबले. भाऊ मला ताई म्हणतो ते ऐकून आठवड्याभरात सगळेच ताई म्हणायला लागले. एक पोर्तुगीज गृहस्थ तर "ताय, ताय, अलाइन" (म्हणजे जहाजाचं तोंड वळव) असं ओरडायचे की मला हसू आवरत नसे.

कॉर्पचं आयुष्य म्हणजे हाउसिंग सोसायटीचं आयुष्य. चंद्रावरच्या रिफायनरीचं इंधन कोणी भरायचं, कोण नुसताच माल उचलतो, मीटिंगला कोण येत नाही. आणि हे किरकोळ समजू नका. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-५-आर-बी नावाच्या सूर्यमालेत २१ तास लढाई झाली, सगळे मिळून साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले, टायटन जातीची ७५ अवाढव्य जहाजं गेली. कारण? त्या सूर्यमालेच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नव्हतं. मेंटेनन्स थकला आणि महायुद्ध झालं. हे वाचल्यावर मी कॉर्पचा हिशेब स्वतःकडे घेतला.

लढाईबद्दल लोकांना भलत्या कल्पना असतात. बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. कुणाच्या तळावर हल्ला केला की तळ लगेच पडत नाही, टायमर लागतो, आणि पुढची फेरी मालकाने निवडलेल्या वेळेला. म्हणजे लढाईला चक्क मुहूर्त. युरोपची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे माझे मुहूर्त रात्री साडेअकरा ते दोन. एकदाच फार मोठ्या लढाईत गेले. माणसं इतकी जमली की सर्व्हरने काळच संथ केला. गर्दी वाढली की तो घड्याळ एकदशांशापर्यंत मंदावतो, म्हणजे गेममधल्या एका सेकंदाला आपले दहा. मी निशाण्यावर क्लिक केलं, उठले, उद्याच्या डब्याचे हरभरे कुकरला लावले, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बारीक करून परत आले, तरी तोफेचं एक आवर्तन पुरं व्हायचं होतं. कानात मात्र म्होरक्या शांत आवाजात एकेक नाव घेत होता, आणि चारशे माणसं त्याच नावावर बोट ठेवत होती. त्यात मजा काय, हे नवऱ्याला आजतागायत समजावता आलेलं नाही.

आता चोरी. ऑगस्टमध्ये आमच्या खजिनदाराने तिजोरी साफ केली. कॉर्पच्या तिजोरीला सात कप्पे असतात, गोदामालाही सात. डायरेक्टरच्या हाती सगळ्यांच्या चाव्या. इतके डायरेक्टर नकोत, असं मी दोनदा लेखी कळवलं होतं. ताईचं ऑडिट म्हणून हसले सगळे. गेले सहा अब्ज इस्क आणि बरीच जहाजं. पैशाचं सोडा. याच माणसाने मला डी-स्कॅन, म्हणजे आसपासची जहाजं हुडकायचं साधन, वापरायला शिकवलं होतं, बाबांच्या बायपासच्या रात्री दीड वाजेपर्यंत गप्पा मारत थांबला होता. जाताना त्याने माझ्या खात्यात पाच कोटी टाकले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताई.

सपोर्टकडे जाण्यात अर्थ नव्हता. खेळातली चोरी हा खेळाचाच भाग; खऱ्या आयुष्यातल्या धमक्या किंवा खऱ्या पैशांत इस्कची विक्री यांना मात्र बंदी. भाऊ म्हणाला, "हे तर काहीच नाही." २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही तेव्हाची बलाढ्य युती त्यांच्याच एका डायरेक्टरने शत्रूला फितूर होऊन विसर्जित केली. गोळी न झाडता. गडाचे दरवाजे आतून कसे उघडतात हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं. रात्री दीडला गप्पा मारणाऱ्याकडून ते शिकणं वेगळं. मी ते पाच कोटी कॉर्पच्या तिजोरीत भरले. शीर्षक: संकीर्ण जमा.

घ्यायचा विचार असेल तर कामाचं बोलते. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप चालतो, ग्राफिक्स कमी ठेवून. सर्व्हर लंडनला, पण गेम सेकंदाच्या टप्प्यांनी चालतो, त्यामुळे भारतातलं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ, फारसं नडत नाही. रोज दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद असतो. अक्षरं बारीक आहेत, खिडक्यांवर खिडक्या, पहिला महिना चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटेल. कौशल्यं खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतात, दिवस आणि आठवडे लागतात, घाई करून उपयोग नाही. ओमेगा महाग आहे: २०२२ मध्ये महिन्याचा दर १४.९५ डॉलरवरून १९.९९ वर गेला. इस्क कमावून प्लेक्स, म्हणजे ज्यावर ओमेगाची मुदत मिळते ती गेममधली वस्तू, घेता येतं, पण मग खेळ राहत नाही, दुसरी नोकरी होते. फुकट खात्यावर तीन महिने नक्की काढा. जिला किंवा ज्याला सकाळी सहाला उठून डबा करायचा आहे, त्यांनी युरोपियन कॉर्पमध्ये जाण्याआधी दोनदा विचार करा. मी केला नाही.

कॉर्प फुटेल असं वाटलं होतं. चाळीसचे सव्वीस राहिलो. डायरेक्टर आता दोन, चाव्या वेगळ्या, आणि दर रविवारी मी हिशेब वाचून दाखवते. कुणी हसत नाही. रिफायनरीवर परवा कुणीतरी हल्ला केला, आज रात्री पावणेबाराला टायमर आहे. हरभरे भिजत घातलेत, कुकर आधीच लावून ठेवणार आहे.