११० सेंटिमीटरचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर: सोनेरी बाजू आत राहू द्या, काळी बाहेर काढा

पोर्ट्रेट, लग्न, हॉटेलचे पदार्थ, ऑफिसातले हेडशॉट असं मिळेल ते काम करणाऱ्या फ्रीलान्स फोटोग्राफरने कॅमेरा-लेन्सनंतर पहिली वस्तू कोणती घ्यावी, याचं गोव्यापुरतं उत्तर घडीचा गोल रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत फेकणारी कापडी चकती, हेच आहे. व्यास ११० सेंटिमीटर, किंमत साधारण हजार-दीड हजार, घडी केल्यावर चाळीसेक सेंटिमीटरची चकती. स्कूटरच्या पायाशी सहज मावते. नीवर, गोडॉक्स अशी नावं छापलेले मिळतात तसे बिननावाचेही मिळतात. फरक असतो तो शिलाईत आणि चेनमध्ये, परत फेकलेल्या प्रकाशात फारसा नाही.

पिशवीवरच्या चित्रात मात्र मॉडेलच्या गालावर सोनेरी झळाळी असते आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. इथल्या उन्हात रोज कामाला येतात त्या तीनच बाजू: अर्धपारदर्शक, पांढरी आणि काळी. चंदेरी अधूनमधून. सोनेरीची चेन न उघडताच वर्ष सरू शकतं.

रचना साधी आहे. स्टीलच्या पातळ पट्टीची रिंग आणि तिच्यावर ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड, हा झाला डिफ्यूजर, ऊन गाळून मऊ करणारा. त्यावर उशीच्या अभ्र्यासारखं चेनचं कव्हर चढतं. बाहेरून दोन रंग, उलटं केलं की आतले दोन. ‘पाच’ आकड्यातली मेख इथेच आहे. रिंग एकच असल्यामुळे डिफ्यूजर वापरताना कव्हर नुसतं लोंबतं कापड होतं, म्हणजे डोक्यावर डिफ्यूजर आणि बाजूला पांढरी बाजू असं एकाच वेळी करता येत नाही. दुपारच्या कामात नेमकं तेच लागतं. म्हणून ११० चा एक आणि ८० चा दुसरा, अशी जोडी घ्यावी. मोठा सोलून कायमचा डिफ्यूजर करावा, छोट्यावर पांढरी-काळी ठेवावी. ऐन शूटमध्ये कव्हर उलटं करायला दीड-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात समोरच्याचा चेहरा आखडतो.

आकाराचं गणित असं: चेहरा आणि खांद्यापर्यंतच्या फ्रेमला ८० पुरतो, कमरेपर्यंत ११० हवा, जोडप्याच्या पूर्ण उंचीच्या फोटोला १२० बाय १८० चा लंबगोल आणि तो धरायला एक धडधाकट माणूस. ६० चा घेऊ नये. टेबलावरच्या ताटाला तो ठीक आहे, माणसाला अपुरा.

आता दुपार. पर्यटक कुटुंबाला विमान पकडायचं असतं आणि शूट साडेबाराला ठरतं, हे इथल्या धंद्यात चुकत नाही. उघड्या उन्हात आयएसओ १००, एफ/२.८ ला शटर १/४००० सेकंदाच्या आसपास येतं. मधे डिफ्यूजर धरला की एक ते दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि चेहऱ्यासाठी १/१६०० धरावं लागतं. आता मागची वाळू अजून पूर्ण उन्हात आहे, त्यामुळे ती तेवढीच जास्त उजळून पांढरी फटक होते. डिफ्यूजर वाईट म्हणून कोपऱ्यात पडतो तो याच कारणाने, पण दोष पार्श्वभूमी निवडण्याचा असतो. मागे माडांची सावली, कुळागर (पोफळीची बाग), बाल्कांवाचा (गोव्यातल्या घरापुढच्या बैठकीच्या ओसरीचा) आतला काळोख असं काहीतरी हवं, जे चेहऱ्यापेक्षा एक-दोन स्टॉप गडद आहे. दुसरी चूक अंतराची. डिफ्यूजर डोक्यापासून दोन-तीन फुटांवर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर असला पाहिजे. सहा फुटांवर नेला की चेहऱ्याच्या दृष्टीने तो लहान होतो, सावलीची कड पुन्हा टोकदार होते. तो सपाट आडवा न धरता सूर्याच्या दिशेने तिरपा धरावा, नाहीतर डोळ्यांच्या खोबण्या काळ्याच राहतात.

पांढरी बाजू दिसायला बिनकामाची वाटते, कारण तिचा परिणाम डोळ्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. एक मीटरच्या आत ठेवली तर ती सावलीचा गाल अर्धा ते एक स्टॉप उचलते, दोन मीटरपलीकडे तिचं असणं-नसणं सारखंच. ती खालून वर तोंड करून धरू नये. हनुवटी आणि नाकाच्या भोकांत उजेड पडला की चेहरा भुताटकीच्या नाटकातला दिसतो. सूर्याच्या विरुद्ध बाजूला, छातीच्या उंचीवर, किंचित वर कललेली ठेवावी. खालून धरायची वेळ एकच, पावसाळी ढगाळ दिवस. तेव्हा सगळा उजेड आकाशातून सरळ खाली येतो आणि डोळ्यांखाली काजळी दिसते. कमरेच्या उंचीवर आडवी धरलेली पांढरी बाजू ती पुसून टाकते.

आता काळी. ती प्रकाश देत नाही, खाते. गोव्यात नको त्या दिशेने येणारा प्रकाश इतका असतो की हेच काम जास्त पडतं. मिरामार किंवा करंझाळे किनाऱ्याची वाळू हाच मुळी एक प्रचंड रिफ्लेक्टर. ती खालून भरपूर उजेड फेकते, मग वर आणखी चंदेरी कशाला? तिथे एका गालापासून दीड-दोन फुटांवर काळी बाजू उभी केली की त्या बाजूची सावली परत येते आणि चेहऱ्याला आकार येतो. बाल्कांवातही तेच, कारण तिथे उजेड तीन बाजूंनी येतो आणि चेहरा सपाट दिसतो.

रंगाची भानगड तर काळीशिवाय सुटतच नाही. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या पिवळ्या भिंतीजवळ माणूस उभा केला की एक गाल पिवळा, निळ्या भिंतीजवळ केला की कावीळ उलटून निळसर. चिऱ्याच्या भिंती आणि तांबडी माती गळ्याखाली लालसर छटा देतात. जुन्या गोव्यात बॉम जीझस बासिलिकेच्या गिलावा नसलेल्या भिंतीजवळ हे स्पष्ट दिसतं, आणि समोर रस्त्यापलीकडच्या चुना लावलेल्या से कॅथेड्रलकडून येणारा उजेड मात्र स्वच्छ पांढरा असतो. कुळागरात पोफळी-केळींचा हिरवा रंग खालून चढतो. असा चढलेला रंग व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) बदलून जात नाही, कारण तो चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला मग उलटा रंग चढतो. उपाय म्हणजे रंगीत उजेड येतो त्या बाजूला किंवा पायाशी काळी बाजू टाकायची, दुसरीकडून पांढरी द्यायची आणि त्याच जागेवर ग्रे कार्डचा, म्हणजे नंतर रंग जुळवायच्या करड्या कार्डाचा, एक फोटो घेऊन ठेवायचा.

चंदेरीचा खरा उपयोग संध्याकाळी, सूर्य समुद्राकडे पाठीमागे असताना. चार-पाच मीटरवरूनही तिचा उजेड पोचतो, त्यामुळे पूर्ण उंचीची फ्रेम असली तरी ती बाहेर ठेवता येते. फोटोग्राफर जमिनीच्या बाजूला, रिफ्लेक्टर त्याच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून. आधी प्रकाशाचा डाग वाळूवर पाडावा आणि मग हळूहळू चेहऱ्यावर सरकवावा. समोरच्याला डोळे मिटायला सांगून तीन म्हणताच उघडायला लावावेत, म्हणजे मिचमिचे डोळे येत नाहीत. दमट हवेत कपाळावर घाम असतोच आणि चंदेरी तो आरशासारखा चमकवते. सोनेरीबद्दल इतकंच की साडेपाचचं ऊन आधीच पिवळं असतं, त्यात गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सोनेरी मारली की हळदीचा फोटो तयार होतो, हळद नसताना.

वाऱ्याचं काय? ११० चा रिफ्लेक्टर म्हणजे जवळपास एक चौरस मीटरचं शीड. दुपारनंतर समुद्रावरून खारं वारं सुटलं की स्टँड आणि क्लॅम्पवर लावलेला रिफ्लेक्टर स्टँडसकट आडवा होतो. पाच किलोचं वजन लागतंच, पण ते घरून वाहून नेऊ नका. रिकामी पिशवी न्यावी, आत जाड प्लॅस्टिकची थैली, आणि तिथलीच कोरडी वाळू भरावी. लिटरला साधारण दीड किलो धरलं तर तीन-साडेतीन लिटरमध्ये काम होतं. निघताना वाळू तिथेच ओतावी. वारं जोरात असेल तर स्टँड सोडून द्यावा आणि नातेवाइकालाच धरायला लावावं, रिंगची खालची कड वाळूत टेकवून आणि गुडघ्याने दाबून. फोल्डिंग आर्मच्या होल्डरचे पैसे घरातल्या आणि ऑफिसातल्या कामातच वसूल होतात.

उघडताना आणि मिटतानाचे घोळ वेगळेच. पिशवीची चेन काढताच रिंग झेप घेऊन उघडते, त्यामुळे चष्मा, लहान मूल किंवा समई जवळ असेल तर पाठ वळवून उघडावा. मिटायला समोरासमोरच्या दोन कडा पकडायच्या, एक तळहात वर, एक खाली, आणि हात विरुद्ध दिशांना पिळत जवळ आणायचे. आधी आठाचा आकार होतो, मग तीन वेटोळी आपोआप एकावर एक बसतात. जोर लावावा लागत असेल तर पीळ चुकला आहे. तसाच दाबला तर रिंग कायमची वाकते आणि रिफ्लेक्टर पापडासारखा उभा राहतो.

कोणत्या कामाला न्यावा, कोणत्या नाही? पणजीत पाटोवरच्या ऑफिसांत हेडशॉट (चेहरा-खांद्यांचे फोटो) काढताना काचेच्या मोठ्या खिडकीसमोर पांढरी बाजू पुरते, फ्लॅश काढावाही लागत नाही. चष्मेवाल्यांसाठी तेवढी ती बाजूला आणि थोडी खाली सरकवावी, काचेतलं प्रतिबिंब जातं. रेस्टॉरंटच्या पदार्थांना उजेड मागून किंवा बाजूने आणि समोर ८० ची पांढरी. सोलकढी किंवा काचेचा पेला असेल तर कडेला काळी, म्हणजे पेल्याची रेघ उठून दिसते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरोघरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली, कुटुंबाचा फोटो हवा असतो. तिथे जागा नसते, वर फळं-पानं लोंबत असतात, रिफ्लेक्टर उघडणं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर सुपारीचा घड पाडणं. त्या कामाला छताकडे वळवलेला फ्लॅश बरा. शिगमोची (गोव्यातल्या शिमग्याची) मिरवणूक, तियात्राचा (कोंकणी नाटकाचा) रंगमंच, होमस्टेच्या खोल्या यांना तो नेऊच नये. जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर डिफ्यूजर गाडीतच राहू द्या, त्या शिंपल्या तेच काम जास्त सुंदर करतात.

परवानगीचा विषय इथे येतो, कारण रिफ्लेक्टर उघडला की साधा फोटो ‘शूट’ दिसू लागतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉड-स्टँडला आधी परवानगी लागते. फोंताइन्हासमध्ये रहिवासी दारासमोरच्या फोटोंना वैतागले आहेत, कुणाच्या पायरीवर स्टँड मांडण्याआधी विचारावं.

सेशनच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला पाठवायचा निरोपही या उपकरणाला धरूनच लिहावा. फ्लुरोसंट आणि भडक कपडे नकोत, त्यांचा रंग हनुवटीवर चढतो आणि पांढरी बाजू तो वाढवते. तांबड्या चौकटींची कुणबी साडी जरूर नेसावी, फोटोग्राफरने मात्र तांबड्या चॅनेलचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला त्या रंगाचा आलेख) बघून पाऊण स्टॉपपर्यंत एक्स्पोजर उतरवावं, नाहीतर चौकटींची वीण दिसत नाही. तेल लावून केस नकोत. ब्लॉटिंग पेपर आणि बिनरंगी पावडर फोटोग्राफरनेच बाळगावी. वेळ सूर्यास्तावरून मोजावी. डिसेंबरात तो सहा-सव्वासहाला, मेअखेर सातच्या आसपास, त्याच्या दीड तास आधी जागेवर बोलावावं. हिवाळ्यात सकाळचा पर्यायही सुचवावा, कारण पूर्वेच्या माडांमुळे किनारा साडेसात-आठपर्यंत सावलीत असतो आणि रिफ्लेक्टरची गरजच कमी पडते.

टिकण्याच्या बाबतीत ही स्वस्तातली वस्तू आहे आणि मीठ तिला सोडत नाही. चेन धातूची असेल तर ती आधी अडकते, मग शिलाईच्या भोकांतून गंजाचे डाग पांढऱ्या कापडावर उमटतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटावा. जून ते सप्टेंबर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, तरीही आठवड्यातून एकदा उघडावा, कारण बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत. बंद गाडीत उन्हात ठेवला तर चंदेरी थर घड्यांवर सुटतो. पांढरी बाजू पिवळसर झाली की बदलावी, चेहऱ्यावर तोच पिवळेपणा येतो. ओळखायला ती कोऱ्या कागदाशेजारी धरून बघितली की पुरे.

दुकानातून घेताना तो तिथेच उघडून जमिनीवर टाकावा. सपाट बसला तर रिंग सरळ आहे. चेन प्लॅस्टिकची आहे ना आणि तीन-चतुर्थांश तरी गोल उघडते ना, हे बघावं, अर्धीच उघडत असेल तर कव्हर बदलताना शिलाई उसवते. डिफ्यूजर दुकानातल्या ट्यूबसमोर धरावा, ट्यूबची आकृती स्पष्ट दिसत असेल तर कापड विरळ आहे. मुठीचा त्रिकोणी रिफ्लेक्टरही मिळतो, एका हाताने धरता येतो आणि एकट्याने काम करणाऱ्याला सोयीचा आहे. पण तेवढ्याच पैशांत त्याचं क्षेत्रफळ कमी मिळतं आणि डिफ्यूजर म्हणून तो अपुरा पडतो. एकच घ्यायचा तर गोल ११०.