फेंग शुईचा सल्ला घेऊन दहा महिने झाले, घरात काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं

आधीच सांगते, फेंग शुई म्हणजे घरातल्या वस्तूंच्या जागा आणि दिशा ठरवायची चिनी विद्या, मी यावर विश्वास ठेवणारी नव्हते आणि टिंगल करणारीही नव्हते. मार्च २०२४ मध्ये सल्लागाराला बोलावलं ते नणंदेच्या आग्रहामुळे. आमच्याकडे तेव्हा एकामागून एक चालूच होतं, नवऱ्याची नोकरी गेलेली, सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडलेल्या, आणि नऊ वर्षांची मुलगी रात्री दोन-तीनदा उठून आमच्या खोलीत येऊन उभी राहायची, काही बोलायची नाही, नुसती उभी. अशा दिवसांत कोणी म्हणालं ना की कपाट हलवा, तर माणूस कपाट हलवतो.

एक मात्र बरं केलं. पहिल्या दिवसापासून वहीत तारखा लिहून ठेवल्या, काय हलवलं, कधी हलवलं, नंतर काय झालं. त्या वहीमुळेच हे लिहू शकतेय, नाहीतर दहा महिन्यांनी जो तो आपल्याला हवं तेच आठवून सांगतो.

सल्लागार दोन तास होता. दारात उभं राहून घराच्या प्लॅनवर नऊ चौकोन टाकले, हा बागुआ, आत बघताना सगळ्यात लांबचा डावा कोपरा तो संपत्तीचा. तो कोपरा आला मुलांच्या खोलीत. तिथे पाण्याचं कारंजं ठेवा म्हणाला, अर्थातच त्याच्याकडे ते विकायला होतंच. मग मुलीचा पलंग हलवा, कारण पाय थेट दाराकडे येतात. पलंगासमोरचा आरसा काढा. नवऱ्याचं टेबल आग्नेयेला तोंड करून लावा. सासऱ्यांची खुर्ची फिरवा. दारामागचा चपलांचा आणि खोक्यांचा ढीग काढा. शिवाय त्यांच्या कालगणनेत ४ फेब्रुवारी २०२४ पासून नववा काळ लागलाय, हा वीस वर्षं चालतो, त्यामुळे आधीचं सगळं बदलतं, असंही सांगितलं. म्हणजे ज्यांनी आधीच्या काळात पैसे खर्चून सगळं लावून घेतलं त्यांनी परत बोलवायचं. बिझनेस मॉडेल म्हणून मानलं बाबा.

आम्ही सगळं केलं. पहिला महिना घरात एकदम उत्साह.

आधी जे खरंच कामाला आलं ते सांगते. सासऱ्यांची खुर्ची. ती कित्येक वर्षं हॉलमध्ये दाराकडे पाठ करून होती कारण टीव्ही समोर. बाबांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे कोणीही मागून आलं की ते दचकायचे आणि दचकले की चिडायचे, आणि आम्हाला वाटायचं की वय झालं, स्वभाव चिडका झालाय. सल्लागार म्हणाला की माणसाला बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे, पण अगदी दाराच्या सरळ रेषेत बसू नये. टीव्ही आणि खुर्ची दोन्ही फिरवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी बाहेरून आले तर बाबा लांबूनच हात वर करून म्हणाले, "आलीस का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, कारण त्याआधी मी आलेली त्यांना कळायचंच नाही. आता ही ची नावाची ऊर्जा की साधी गोष्ट, तुम्हीच ठरवा, पण ते सल्लागाराला दिसलं आणि आम्हाला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, याचे मार्क मी त्याला पूर्ण देते. दारामागचा ढीग काढल्यावर दार पहिल्यांदा पूर्ण उघडलं, तेही त्याच्या खात्यात. सासूबाई पडल्या त्यावर त्याचा उपाय एवढाच की कमोडचं झाकण बंद ठेवा, संपत्ती वाहून जाते. आम्ही झाकणही बंद ठेवलं आणि न घसरणारी मॅट आणि धरायला दांडाही बसवला. त्या परत पडल्या नाहीत. श्रेय झाकणाला मिळालंय.

मुलीची झोप सुधारली. पलंग हलवल्यावर आठवड्याभरात उठणं एकदावर आलं, नंतर बंदच. नणंद खूश, सासूबाई खूश. पण मला एक गोष्ट खटकत होती, जुन्या जागी पलंगावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट यायचा आणि समोरच्या आरशात पॅसेजमधून जाणारं कोणीही दिसायचं. म्हणून जुलैमध्ये मुलीला विचारून पलंग परत जुन्या जागी ठेवला, पाय दाराकडे, फक्त खिडकीला जाड पडदा लावला आणि आरसा परत लावला नाही. महिनाभर ठेवला. ती आधीसारखीच शांत झोपली, वहीत त्या महिन्यात एकच रात्र आहे आणि तेव्हा तिला ताप होता. पाय दाराकडे नकोत याचं कारण ते प्रेताच्या तिरडीसारखं वाटतं असं सांगतात, आमच्या मुलीला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला उजेड नको होता. सल्ला बरोबर, कारण चुकीचं, असं हे.

आता खरी गंमत. ऑगस्टमध्ये कारंज्याचा पंप रात्री गुणगुणायला लागला, पाणी बाहेर उडून मागच्या भिंतीला ओल आली, रंगाला फुगे. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलामागेच. पहिल्या सल्लागाराला फोन केला तर म्हणे अजून मोठं कारंजं घ्या. तेव्हा नवराच म्हणाला की दुसऱ्या कोणाचं मत घेऊ, जसं डॉक्टरचं घेतो तसं. दुसरा सल्लागार कंपासवाला होता, लुओपान घेऊन आला, ती गोल तबकडी, मध्ये चुंबकसुई आणि भोवती रकान्यांची वर्तुळं. त्याने दारातून नकाशा टाकायची पद्धत उडवूनच लावली. म्हणाला ती लिन युन यांची, १९८० च्या दशकात अमेरिकेत पसरलेली शाखा, तिथे कंपास बघतच नाहीत. त्याच्या पद्धतीत संपत्ती आग्नेयेला. आमची आग्नेय म्हणजे मुख्य दार आणि त्याला लागून असलेली बाथरूम. आणि जिथे कारंजं होतं ती आमची पश्चिम, तिथे २०२४ सालात पाच नंबरचा पिवळा तारा, म्हणजे दरवर्षी जागा बदलणारा, त्यांच्या मते अशुभ, वर्षभर तिथे अजिबात हालचाल नको, ती जागा शांत ठेवायची. आम्ही तिथे चोवीस तास पाणी उडवत होतो. २०२५ मध्ये तो तारा ईशान्येला जाणार हेही सांगून गेला.

टेबलाचं तर त्याहून भारी. कोणी कुठे तोंड करून बसायचं हे कुआ नंबरवरून, म्हणजे जन्मसालावरून काढलेल्या आकड्यावरून ठरतं. नवऱ्याचा जन्म जानेवारी १९८१. पुरुषांसाठी हिशोब असा (२००० च्या आधी जन्मलेल्यांसाठी) की सालाचे शेवटचे दोन आकडे मिळवा, एक आकडी करा, दहातून वजा करा. आठ अधिक एक नऊ, दहातून गेले नऊ, राहिला एक. एक म्हणजे पूर्व गट, आग्नेय सर्वात उत्तम दिशा. पहिल्याने हेच केलं. दुसरा म्हणाला, थांबा, या हिशोबात वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास बदलतं, जानेवारीतला माणूस आधीच्या वर्षात जातो, म्हणजे साल १९८०, आठ अधिक शून्य आठ, उरले दोन. दोन म्हणजे पश्चिम गट, आणि दोनवाल्यांना आग्नेय म्हणजे पाच भुतांची, अशुभ दिशा. पाच महिने नवरा ज्या दिशेला तोंड करून बसला होता ती सर्वोत्तमवरून थेट भुतांवर आली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण नवीन नोकरी त्याला त्याच टेबलावर बसून मिळाली होती.

नोकरीचं श्रेय अजूनही घरात कारंज्याला आहे. वहीत बघा, त्या कंपनीचा पहिला मेल आला तो सल्लागार येण्याच्या अकरा दिवस आधी. मी हे एकदा जेवताना बोलले, सासूबाई म्हणाल्या, "येणार होता म्हणून आधीच फळ आलं." यावर काय बोलणार. पण खरं सांगू का, आपण असल्या माणसाला बोलावतो तेच मुळी सगळ्यात वाईट काळात, आणि सगळ्यात वाईट काळानंतर बहुतेक वेळा जरा बरा काळच येतो, कपाट हलवा नाहीतर नका हलवू.

दुसऱ्याचंही तपासलं, एकट्या पहिल्यालाच का धरा. त्याचा सगळा डोलारा दिशेच्या अंशांवर. वर्तुळाचे २४ भाग, एकेक १५ अंशांचा. तो गेल्यावर मी फोनचा कंपास घेऊन उभी राहिले, दाराबाहेर १२४, एक पाऊल आत १३९, लोखंडी कपाटाजवळ १५१. तिन्ही आग्नेयच, पण तीन वेगळ्या भागांत, आणि त्याच्याच पद्धतीप्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात घराचा अख्खा चार्ट, म्हणजे कुठे शुभ कुठे अशुभ हेच, बदलतो. भिंतीत सळया, दारात लोखंड, सुई हलणारच. त्याला विचारलं तर म्हणाला, घरापासून लांब उभं राहून मोजायचं असतं. मग घरात काय मोजत होता?

या विद्येची मुळं वाचली तेव्हा मला उलट त्याबद्दल आदर वाटला. नावाचा अर्थच वारा आणि पाणी. गुओ पू (२७६ ते ३२४) यांच्या नावावर जो जुना ग्रंथ सांगतात तो राहत्या घराचा नाहीच, दफनाची जागा कशी निवडावी याचा आहे. वाऱ्याने ची विखुरते, पाण्यापाशी थांबते, असं त्यात आहे. मागे डोंगर, पुढे पाणी, तोंड दक्षिणेला, हे चीनमध्ये अगदी शहाणपणाचं होतं, थंड वारा उत्तरेकडून आणि ऊन दक्षिणेकडून. विषुववृत्ताच्या खाली गेलात की ऊन उत्तरेकडून येतं, तिथे काय करायचं यावर त्यांच्यात्यांच्यातच एकमत नाही.

कोणी बोलावणार असाल तर माझ्याकडून एवढंच, येणारा माणूस वस्तू विकतो का ते आधी विचारा आणि विकत असेल तर त्या दिवशी काहीच घेऊ नका. आणि कोणता सल्ला चुकला हे आम्हाला कशावरून कळेल, असं तोंडावर विचारा. पहिला यावर हसला, दुसरा म्हणाला श्रद्धा हवी. फुकटात हलवता येतं ते खुशाल हलवून बघा, पण एका वेळी एकच, आम्ही सगळं एकदम हलवलं आणि मग मला पलंग उलटा फिरवत बसावं लागलं.

आता घरात शिल्लक काय, तर बाबांची खुर्ची आहे तशीच, पलंग नवीन जागी (मुलीला तीच आवडली), पडदा, दारामागची मोकळी जागा. भिंतीची ओल दुरुस्त केली. कारंजं माळ्यावर, सासूबाई टाकू देत नाहीत. टेबल तिसऱ्यांदा हलवून खिडकीला आडवं लावलंय, उजेड डावीकडून येतो आणि स्क्रीनवर चमक येत नाही. तोंड कुठल्या दिशेला ते कोणी मोजलं नाही, फरशीवर मात्र ओढल्याचे तीन ओरखडे आहेत आणि ते काही केल्या जात नाहीयेत.