गळ्यात घालायची जहाजी शिट्टी (पितळी बोसन कॉल): वाजते छान, पण चेन बदला

ऑनलाइन घेतली, चेनसकट. फोटोत दिसते तशीच चकचकीत आली, पॅकिंगही व्यवस्थित, तक्रार फक्त चेनची, तिचा हूक इतका फालतू की पहिल्यांदा घातली तेव्हाच सुटला आणि शिट्टी धाडकन फरशीवर, नशीब पोचा नाही आला. सेलरला मेसेज केला तर म्हणे चेन फ्री आहे, तिची गॅरंटी नाही. मग मी सरळ काळ्या गोफात ओवली, आता खादीच्या कुर्त्यावर भारी दिसते.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, ही त्याची हुकूम द्यायची शिट्टी: वाकडी नळी, तिच्या पुढे भोक असलेला पोकळ गोळा, खाली धरायला चपटी पट्टी आणि तिला कडी. आपल्या नेव्हीत मोठा साहेब जहाजावर आला की अजून वाजवतात. पण सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल लोक हीच सोन्याची करून मिरवायचे. १५१५ ला नवं जहाज पाण्यात सोडताना तिथला राजा आठवा हेन्री खलाशाच्या वेशात आला, वेश कसला, सगळा भरजरी, आणि सोन्याच्या साखळीतली मोठी शिट्टी ट्रम्पेटसारखी फुंकत होता म्हणे, हौसेला मोल नाही! त्याच्या दोन वर्षं आधी इंग्रज ॲडमिरल एडवर्ड हॉवर्ड फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराजवळ फ्रेंचांच्या तावडीत सापडला तर त्याने मरायच्या आधी आपली सोन्याची शिट्टी समुद्रात भिरकावली, शत्रूच्या हाती हुद्द्याची खूण लागायला नको म्हणून. १५४५ ला बुडालेल्या हेन्रीच्या मेरी रोझ या लढाऊ जहाजातही अशा शिट्ट्या सापडल्यात. लिस्टिंगमध्ये ‘राजाच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल’ लिहिलंय ते मात्र मनावर घेऊ नका.

आता आवाज. आधी नुसती फुसफुस. नळीचं तोंड गोळ्याच्या भोकाच्या बरोब्बर कडेवर यायला पाहिजे, माझ्यातलं जरा वर होतं, अंगठ्याने हळूच दाबलं आणि दोन्ही बाजूंच्या फटीत थोडं मेण भरलं, मग जी वाजली की खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले. गोळ्याभोवती मूठ आवळली की सूर चढतो, सोडली की उतरतो, जमायला वेळ लागतो पण मजा येते.

घामाने मानेवर हिरवट डाग पडतो, शिट्टी चिंचेने घासून ठेवा. पाचपैकी साडेतीन स्टार, नुसती शो म्हणून घेणार असाल तर तीनच, या पैशात याहून नाजूक पेंडंट मिळतात.