रूट्स की सेंट्रिफ्युगल?

रूट्स आणि सेंट्रिफ्युगल हे सुपरचार्जरचे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या यंत्राचे, दोन प्रकार. दोन्ही इंजिनाच्याच ताकदीवर, बहुधा क्रँकशाफ्टवरच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) पट्ट्याने फिरतात, पण गाडी चालवताना स्वभाव पार वेगळा जाणवतो.

रूट्स हा मुळात हवा ढकलणारा पंप. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाड्या नव्हत्याच! दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवेचे घास इंजिनाकडे लोटतात. आत हवा दाबली जात नाही. दाब तयार होतो तो पुढे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा लोटली जाते, म्हणून कमी आरपीएमलाही (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असतानाही) ॲक्सिलरेटर दाबताक्षणी जोर मिळतो. पण दाबाखालची हवा उलटी रोटरकडे घुसते, तापते, आणि तापलेली हवा विरळ. ट्विन-स्क्रू हा मळसूत्रासारख्या दोन रोटरचा तिसरा प्रकार हवा आतच दाबतो, त्यामुळे इथे तो उजवा.

सेंट्रिफ्युगलमध्ये गोगलगाईच्या शंखासारख्या घरात इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, गरगरतो. दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: फेरे अर्धे, तर दाब जेमतेम पाव. खाली शांत, वर सुसाट. हवा कमी तापते, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) जोडणंही सोपं.

रोजच्या रस्त्यावर, जिथे सारखी उचल घ्यावी लागते, तिथे मी रूट्सच निवडेन. ट्रॅकवर आरपीएम चढेच ठेवणार असाल तर मात्र सेंट्रिफ्युगल.