वनाझ ते भोसरी: मेट्रोचे एक वर्ष आणि शेवटचे तीन किलोमीटर

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, सकाळी कामावर जाताना, पुण्यात खडकीच्या अलीकडे माझ्या दुचाकीचे इंजिन जाम झाले. गाडी अकरा वर्षांची होती. गॅरेजवाल्याने इंजिन उघडून पिस्टन आणि बोअरचे काम सांगितले आणि खर्चाचा अंदाज साडेनऊ हजारांचा दिला. तेवढ्या पैशांत ती गाडी विकलीही गेली नसती. निर्णय होईपर्यंत दोन-चार आठवडे मेट्रोने जावे असे ठरवले. त्या दोन-चार आठवड्यांचे आता वर्ष झाले आहे. ज्यांचे घर एका महापालिकेत आणि काम दुसऱ्या महापालिकेत आहे, त्यांना माझ्या नोंदींचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे घर पुण्यात वनाझ स्थानकापासून चालत नऊ मिनिटांवर आहे आणि काम पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. पुणे मेट्रोची एक मार्गिका वनाझ ते रामवाडी आणि दुसरी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशी आहे, आणि दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. वनाझहून जिल्हा न्यायालय, तिथे मार्गिका बदलून नाशिक फाटा आणि तिथून पुढे बस, असा हा प्रवास आहे. मी सुरुवात केली तेव्हा त्या स्थानकाच्या फलकावर ‘भोसरी’ असे नाव होते. पुढे ते ‘नाशिक फाटा’ झाले आणि ते योग्यच झाले, कारण स्थानक फाट्यावर आहे आणि भोसरी तिथून बरीच पुढे.

मेट्रोच्या भागाबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. दुचाकीवर कर्वे रस्ता, शिवाजीनगर, खडकी, दापोडी असे करत मला तासभर लागत असे, आणि पावसाळ्यात किंवा गणपतीच्या दिवसांत सव्वा तासही. मेट्रोने नाशिक फाट्यापर्यंत पाऊण तासाच्या आत पोहोचते, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढाच वेळ लागतो. जिल्हा न्यायालय स्थानकाचे मला पहिल्या दिवशी वाटलेले कौतुक अजून ओसरलेले नाही. वनाझकडून येणारी गाडी उन्नत मार्गावर थांबते आणि पिंपरीकडे जाणारी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल फलाटावरून सुटते. तरीही दोन्हींच्या मध्ये पुन्हा तिकीट काढावे लागत नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही, आणि सरकते जिने एकामागून एक उतरत गेले की पुढची गाडी मिळते. छतातून दिवसाचा उजेड थेट खाली येतो. दोन वाहने बदलण्याची जागा कशी असावी, याचा नमुना आपल्या शहरात तयार आहे, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचे आहे. कारण पुढची सगळी तक्रार याच नमुन्याच्या आधारावर आहे.

नाशिक फाट्याला जिना उतरला की हा नमुना संपतो.

नकाशावर पाहिले तर या फाट्याइतकी सोयीची जागा दोन्ही शहरांत क्वचितच सापडेल. मेट्रो इथे आहे, लोणावळा लोकलचे कासारवाडी स्थानक जवळ आहे, वाकडकडे जाणारा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव, मार्ग इथूनच निघतो, जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि नाशिक महामार्ग इथेच मिळतात, आणि वर दोन मजली उड्डाणपूल आहे. वाहतुकीचे बहुतेक सगळे प्रकार एका हाकेच्या अंतरात असूनही एकातून उतरून दुसऱ्यात बसणे हे मात्र प्रत्येकाने आपापले शोधून काढायचे काम आहे. जिन्यापासून बसथांब्यापर्यंत माझ्या चालीने ३४० पावले होतात. त्यांतली निम्म्याहून अधिक वाहत्या रस्त्याच्या कडेने टाकावी लागतात, वर छप्पर नाही, आणि कोणती बस कुठे थांबते हे सांगणारा एकही फलक मला वाटेत दिसला नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत मी एका वहीत वेळ लिहून ठेवली: जिना कधी उतरले आणि बस कधी मिळाली. भोसरीच्या बसची वाट सरासरी सतरा मिनिटे पाहावी लागली. कधी चार मिनिटांत बस आली, तर कधी अर्धा तास आली नाही. पाऊण तासाच्या नेमक्या प्रवासाला हा अर्ध्या तासाचा अनिश्चित तुकडा जोडला की सगळाच प्रवास अनिश्चित होतो. वाट पाहण्यातले एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसलेल्या एका मिनिटापेक्षा जड जाते, हे वाहतूक नियोजनात सर्वमान्य आहे. ते का, हे मला थांब्यावर उभे राहून कळले. उशीर झालेल्या दिवशी मी शेअर रिक्षा पकडत असे, आणि तिथे माझा सगळा हिशेब कोलमडत असे.

तो हिशेब असा आहे. दुचाकीला रोजचे पेट्रोल साधारण नव्वद रुपयांचे लागत होते. मेट्रोचे कमाल भाडे ३५ रुपये आहे आणि कार्डावर दहा टक्के सवलत मिळते, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च ६३ रुपयांच्या वर जात नाही. बसचे दहा आणि दहा धरले तर दिवसाचे ८३ होतात आणि सात रुपये वाचतात. शेअर रिक्षाने वीस आणि वीस दिले तर १०३ होतात आणि तेरा रुपयांचा तोटा होतो. अठरा किलोमीटरच्या प्रवासात फायदा की तोटा, हे शेवटचे तीन किलोमीटर ठरवतात. मी पै-पैचा हिशेब ठेवणारी आहे आणि त्यात मला संकोच वाटत नाही. ज्या माणसाने दुचाकी घरी ठेवावी अशी अपेक्षा आहे, तोही असाच हिशेब करतो.

हे पहिल्या दोन महिन्यांचे मत झाले. तेव्हा मी सहकाऱ्यांना ठामपणे सांगत होते की मेट्रो उत्तम आहे, पण बस पुरेशा नाहीत. ते मत मला जानेवारीत बदलावे लागले. एका सकाळी थांब्याशेजारी पोहे विकणाऱ्या मावशींनी विचारले, “ताई, भोसरीला जायचंय ना? मग रोज इथंच का उभ्या राहता? निम्म्या गाड्या पलीकडच्या कोपऱ्यावरनं जातात.” मी दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावर उभी राहिले आणि त्यांचे म्हणणे खरे निघाले. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या, पण भोसरीकडेच जाणाऱ्या बस दोन वेगळ्या ठिकाणी थांबत होत्या, आणि मी फक्त एका ठिकाणी उभी राहून बस कमी असल्याचा निष्कर्ष काढला होता. दोन्हींवर नजर ठेवता येईल अशी जागा शोधल्यावर पुढच्या महिन्याची सरासरी नऊ मिनिटांवर आली. वर लिहिलेला सतरा मिनिटांचा आकडा तसाच ठेवला आहे, कारण माहिती नसलेल्या प्रवाशाचा तोच खरा अनुभव असतो. रस्त्यावर बस होत्या. एका फलकाच्या अभावी माझ्यासाठी त्या नसल्यासारख्याच होत्या.

या फलकाविषयी मी संबंधित कार्यालयाला दोन पत्रे लिहिली. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आलेल्या उत्तरात म्हटले होते की स्थानकाच्या आवाराबाहेरचा भाग त्यांच्याकडे येत नाही. तो ज्यांच्याकडे येतो त्यांना विचारल्यावर तिथून सांगण्यात आले की फलक बसचा असल्यामुळे तो बस चालवणाऱ्यांनी लावायचा. यात कोणी खोटे बोलले असे मला वाटत नाही. प्रत्येकाची हद्द खरोखरच तिथे संपते आणि माझी ३४० पावले त्या सगळ्या हद्दींच्या बाहेर पडतात.

वास्तविक हे कागदावर कोणाला सुचलेले नाही असे मुळीच नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे असे म्हटले होते. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर स्थानकाच्या भोवतालच्या पाच किलोमीटरच्या परिसरात जोडबस, पदपथ आणि सायकलमार्ग यांची सोय करण्याची बांधिलकी घालून दिली. माझे तीन किलोमीटर त्या पाचांत आरामात बसतात. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन स्वतंत्र बससेवा एकत्र झाल्या, आणि ज्यांनी त्याआधीचा काळ पाहिला आहे त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. २०१५ मध्ये महानगर प्रदेशासाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण आले. संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार करण्याची चौकट आहे. मात्र ती चौकट मोठ्या बांधकामापर्यंत येऊन थांबते आणि दोन बांधकामांच्या मधल्या जागेत उतरत नाही, असे माझे एका वर्षानंतरचे मत आहे.

एकेका साधनाचा सुटा विचार केला की काय किंमत मोजावी लागते, हे पुण्याने २०२० मध्ये पाहिले. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तेव्हा पाडावे लागले, कारण ते बांधताना तिथून कधी मेट्रो जाईल याला जागाच ठेवलेली नव्हती. आता नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग होणार आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि त्याचा खर्च ७,८२७ कोटी रुपये आहे. त्याच वाटेवरच्या चाकणकडची कोंडी ज्यांनी सोसली आहे ते त्याचे स्वागत करतील आणि मीही त्याला विरोध करत नाही. माझी कळकळीची मागणी एवढीच आहे की त्या मार्गाचे खांब कुठे उभे राहणार हे ठरवताना, मेट्रोच्या जिन्यापासून बसपर्यंत आणि रेल्वे स्थानकापर्यंत छताखालून चालत कसे जाता येईल, हेही त्याच आराखड्यात आखले जावे. खांब उभे राहिल्यावर ती जागा उरणार नाही.

मार्च ते जून या काळात मी आणखी एक प्रयोग केला. भाच्याची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आणि मावशींच्या परवानगीने त्यांच्या टपरीमागे रात्री कुलूप लावून ठेवू लागले. सकाळी स्थानकापासून कारखान्यापर्यंत चौदा मिनिटे लागत, संध्याकाळी तेवढीच परतताना. वाट पाहणे संपले, वीस रुपये वाचले, आणि ज्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या पुण्यात वाढलेल्या मला फार आनंद झाला. पण वसाहतीतल्या रस्त्यावर अवजड ट्रकना चुकवत सायकल चालवावी लागते आणि जूनमधल्या एका पावसाळी संध्याकाळी एका कंटेनरच्या मागच्या चाकापासून मी हातभर अंतरावर पडले. दुखापत गुडघ्यापुरती होती, पण सायकल त्या दिवसापासून बंद आहे. स्थानकावर राखणदार असलेला सायकलतळ आणि वसाहतीपर्यंत सलग, वेगळा सायकलमार्ग मिळाला, तर ती मी उद्या बाहेर काढीन.

त्याच जूनपासून बसभाडे वाढले. मासिक पास नऊशेवरून पंधराशे रुपयांवर गेला, आणि ज्याला बस फक्त शेवटच्या टप्प्यासाठी हवी आहे त्याने तो घेण्याचा विचारही करू नये, अशी स्थिती झाली. माझ्या मते खरा दोष दरवाढीपेक्षा मोजणीत आहे. अंतर वाढत जाते तसे दर किलोमीटरचे भाडे कमी होते, हे मेट्रोतही आहे आणि बसमध्येही. पण मेट्रोतून उतरून बसमध्ये चढले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि पहिल्या टप्प्याचा महाग दर मी दुसऱ्यांदा भरते. सिंगापूरमध्ये २०१० पासून बस आणि रेल्वे यांतला प्रवास सलग एक प्रवास म्हणून मोजला जातो. मधे वाहन बदलले म्हणून प्रवाशाला नव्याने सुरुवात करावी लागत नाही. तसे इथे झाले, तर माझे दिवसाचे वीस रुपये निम्म्यावर येतील, आणि महिन्याला अडीचशे रुपये वाचणार असतील तर माझ्या विभागातल्या निदान चार जणी दुचाकी घरी ठेवतील. मी त्यांना विचारले आहे.

दुचाकीचा निर्णय सप्टेंबरमध्ये झाला. दुरुस्ती न करता ती सात हजारांना विकली. पेट्रोलमध्ये वाचलेले पैसे पाहून हा निर्णय घेतला नाही, कारण वर्षभराचा हिशेब मांडल्यावर ती बचत नाममात्रच निघाली. विमा, टायर, ऑइल आणि दर पावसाळ्यातली दुरुस्ती मात्र पूर्ण वाचली, आणि रोज दीड तास पुस्तक वाचायला मिळते, त्याची किंमत मला लावता येत नाही. वही अजून चालू आहे. काल जिना आठ वाजून एकोणपन्नास मिनिटांनी उतरले आणि आठ अठ्ठावन्नला पलीकडच्या कोपऱ्यावरून बस मिळाली. तिसरे पत्र लिहून तयार आहे. या वेळी त्यासोबत ३४० पावलांचा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे आणि दोन्ही थांब्यांवर कोणकोणते बसक्रमांक येतात त्यांची यादीही, म्हणजे फलकावर काय लिहायचे हे तरी कोणाला शोधावे लागू नये.