पानाचं चित्र असलेली बाटली

आधीच सांगते, मी गांजा मागवला नव्हता. हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांना सांगून झालंय की आता कुणी न विचारताही तोंडातून निघतं. मी मागवलं होतं अंगठ्याला लावायचं तेल.

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. रोजच्या अडीचशे पोळ्या, सणासुदीला चारशेवर जातात. लाटताना सगळा जोर येतो तो अंगठ्याच्या मुळाशी. गेल्या पावसाळ्यापासून तिथं दुखायला लागलं. बरणीचं झाकण उघडेना, कणीक तिंबताना कळ थेट कोपरापर्यंत जायची. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि सांधा झिजलाय म्हणाले. लावायला जेल दिलं, अंगठ्याला आधाराचा पट्टा दिला, वर म्हणाले, लाटणं कमी करा. लाटणं कमी करा! दुकानाला कुलूप लावा एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं.

त्याच आठवड्यात मोबाईलवर ती जाहिरात दिसली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आवाज मराठी पण ओठ भलतंच काही बोलणारे. हिमालयातलं हेम्प, म्हणजे भांगेचं झाड, 5000 एमजी, सांधेदुखी मुळापासून बरी, एकावर एक बाटली फुकट, 1,998 रुपये, ऑफर फक्त आजच्या रात्रीपुरती. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, रात्री साडेअकराला पैसे भरून मोकळी झाले. दुखत असलं की माणूस हिशेब करत नाही.

पार्सल आलं. दोन्ही बाटल्यांवर तळहाताएवढं हिरवं पान. गांजाचंच, कुणीही ओळखावं असं. आणि आमच्या सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. त्यांच्यासमोर हे पान कसं ठेवायचं? मी एक बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवली आणि काथ्यानं घासून लेबल काढून टाकलं, अगदी चिकटपणासकट. दुसरी तशीच खोक्यात बंद करून माळ्यावर टाकली. लेबल धुऊन टाकणं, मला वाटतं, या सगळ्यातली माझी सर्वांत मोठी चूक. पैसे भरले ती त्याच्या मानानं लहान.

तेल लावलं की आधी चुरचुरायचं, मग गार पडायचं. वाटायचं, भिनतंय. अर्ध्या तासानं पुन्हा जैसे थे. तरी मी रोज लावत होते, कारण दोन हजार गेले होते.

आता बिनलेबलची बाटली कपाटात. सासूबाईंना वाटलं, साधं मालिशचं तेल आहे. त्यांनी गुडघ्यांना चोळायला सुरुवात केली, दोन वेळा, सढळ हातानं, वरून फडकं गुंडाळून शेक. मला पत्ता नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलीय, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी कायमची. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. मी म्हटलं, कुठे आपटलं असेल. मग एका सकाळी चूळ भरली तर बेसिनमध्ये रक्त.

रक्ताच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, आला 6.1. त्यांचा 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, पालेभाज्यांचं विचारलं, आणि मग सहज म्हणाले, "आजी, अंगाला काही लावता का?" मी घरून बाटली आणली. त्यांनी झाकण उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाले, गंधपुरा.

गंधपुऱ्याच्या तेलात असतं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या भाऊबंदकीतलं. दुखण्यावरच्या बऱ्याच बामांत तेच असतं. ते कातडीतून आत मुरतं. मोठ्या जागेवर चोळलं, वरून शेक दिला, तर जास्तच. आणि वॉर्फरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं. गोळी दोन दिवस थांबवली, तेल कायमचं बंद केलं, आकडा खाली आला. ते दोन दिवस कसे काढले ते मला विचारू नका.

घरी आल्यावर माझा पारा चढला. खोक्यावरच्या नंबरवर फोन करून पैसे परत मागितले. गोड बोलून त्यांनी माझं नाव, पत्ता, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन. "मॅडम, तुम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कॅनाबिस प्रॉडक्ट मागवलंय. एनडीपीएसची केस होते. फाइल पुढे जायच्या आत क्लिअरन्स भरा, 6,500." एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. माझे हातपाय गार पडले. डोळ्यांसमोर आलं ते पोलीस ठाणं नाही, सोसायटीच्या गेटवरच्या बायका. पोळीवाली गांजा मागवते. यांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. किराण्याचे बाजूला काढलेले पैसे पाठवून दिले.

तीन दिवसांनी पुन्हा फोन आला, आता 12,000. तेव्हा मात्र ननंदेच्या मुलाला बोलावलं. तो बी.फार्म. करून मेडिकलमध्ये बसतो. त्यानं माळ्यावरची दुसरी बाटली खाली काढली आणि वाचायला लागला.

"मामी, घटक वाचलेत का? कॅनाबिस सॅटिव्हा सीड ऑइल. सीड म्हणजे बी."

वेदनेसाठी ज्याचा बोलबाला आहे ते सीबीडी, भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य, झाडाच्या फुलांवरच्या आणि पानांवरच्या चिकात असतं. बियांच्या तेलात ते नावालाही सापडणं मुश्कील. बी खायची असते, उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी करतात. आणि त्या फोनवाल्याची एनडीपीएस? 1985 च्या त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर त्या व्याख्येत येतच नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी 6,500 भरले ती बाटलीत नव्हतीच. नसल्याची फसवणूक वेगळी आणि असल्याची भीती घालून केलेली वेगळी, एकाच बाटलीवर दोनदा धंदा.

मग 5000 एमजी? मी विचारलं. तो हसला. 5000 मिलिग्रॅम म्हणजे 5 ग्रॅम. माझ्या हिशेबात सांगायचं तर एक लहान चमचाभर बियांचं तेल. एवढं मोहन मी दहा पोळ्यांच्या कणकेत घालते. बाकी बाटलीभर साधं तेल, कापूर, पुदिन्याचं सत्त्व, निलगिरी, आणि सगळ्यात बारीक अक्षरात गंधपुरा. कशाचंही प्रमाण दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या आधी मला दिसली. लेबलाच्या तळाशी चौदा आकडी नंबर. तसला नंबर माझ्या ओट्याच्या वर फ्रेममध्ये टांगलाय, अन्न नोंदणीचा. दुखण्यावरच्या तेलावर खाद्यपदार्थाचा नंबर! भाच्यानं बाटली फिरवून फिरवून बघितली. औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर नाही, बॅच नंबर नाही, कुणी बनवलं तेही नाही. फक्त विकणाऱ्याचं नाव.

मी त्याला विचारलंच, मग खरंखुरं कुठं मिळतं? म्हणाला, पानांच्या अर्काचं तेल आयुर्वेदात विजया नावानं मिळतं, परवानाधारक कारखान्याचं, वैद्याच्या चिठ्ठीवर. पण तेही लावून सांधा बरा होतो असं त्याला म्हणवेना. सीबीडी तेलात विरघळणारं, कातडीच्या वरच्याच थरात अडकतं. उंदरांवर चांगला परिणाम दिसला होता, पण गुडघ्याच्या झिजेवर माणसांना जेल लावून पाहिलं तेव्हा औषध नसलेल्या खोट्या जेलपेक्षा ठळक फरक पडला नाही. आणि जिथं हे उघड दुकानांत विकतात त्या अमेरिकेत 2022 साली लावायच्या 105 मालांची तपासणी छापून आली. त्यातल्या 89 मालांच्या लेबलावर सीबीडीचा आकडा होता आणि तो जेमतेम चौथ्या हिश्शात बरोबर निघाला. 37 मालांत नशेचा घटकही सापडला. एवढ्या मोठ्या देशात ही गत, मग माझ्या रात्री साडेअकराच्या ऑफरचं काय घेऊन बसलात.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, तक्रार केली. पहिल्या फोनच्या दिवशीच केली असती तर पैसे वाटेत अडवता आले असते. माझे तीन दिवस लाजेत गेले, 6,500 काही आले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर कळवलं. अन्न व औषध प्रशासनाला अर्ज दिला, लेबलाचे फोटो आणि सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट जोडून. अंगठ्यावर पुन्हा डॉक्टरांचंच जेल आणि पट्टा चालू आहे. लाटायला एक मुलगी ठेवलीय, मी भाजते.

सासूबाईंना शेवटी सगळं सांगितलं, पानासकट. मला वाटलं होतं आता काय ऐकावं लागतंय. त्या म्हणाल्या, "अगं, पंढरीच्या वाटेवर चिलीम ओढणारे बैरागी मी काय कमी बघितलेत? मला नुसता वास द्यायचास. तुझे सासरे पाठीला हेच गंधपुऱ्याचं तेल लावायचे, पाच रुपयांची बाटली यायची."

दुसरी बाटली सील न फोडता त्यांनीच फळीवर ठेवून घेतलीय, पानाचं चित्र समोर करून. प्रशासनाचा माणूस येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं मलाच बजावलंय.