मुलाचं पोट दुखतंय: अपचन, बद्धकोष्ठता की अपेंडिक्स?

आधी मुलाला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. अपचनात बोट बहुधा बेंबीच्या वर जातं. जेवता जेवता किंवा जेवणानंतर दुखू लागतं, ढेकर येतात, मळमळतं, दोन-चार घासांतच पोट भरतं. काही तासांत किंवा एखादी उलटी झाली की बरं वाटतं.

बद्धकोष्ठतेत बेंबीभोवती किंवा खाली डावीकडे दुखतं आणि शी झाली की थांबतं. सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण आतडं तुंबलं की भूक मरते, पोट फुगतं आणि घरचे अपचन समजून पाचक देत राहतात. म्हणून शीची चौकशी करा. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी, कडक खडे, शी करताना रडणं, असं असेल तर बद्धकोष्ठताच धरा. चड्डीला पातळ डाग लागले म्हणजे जुलाबच असं नाही. साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते. तिथे जुलाब थांबवणारं औषध दिलं तर मूल आणखी तुंबतं.

अपचनाला थोडं थोडं, हलकं खाणं पुरतं. तेलकट पदार्थ आणि फसफसणारी पेयं दोन दिवस बंद. रात्रीचं जेवण झोपेआधी दोन-तीन तास. भूक नसेल तर भरवू नका. खाण्याचा सोडा देऊच नका, त्यातलं सोडियम लहान शरीराला झेपत नाही. १२ वर्षांखाली अँटासिडही डॉक्टरांना विचारूनच. तापासाठी आयबुप्रोफेन चालू असेल, तर पोट त्यानेही बिघडू शकतं.

बद्धकोष्ठतेत जेवणानंतर ५ ते १० मिनिटं शौचाला बसवा, कारण तेव्हा आतड्याची हालचाल वाढते. पाय लोंबकळू देऊ नका, खाली स्टूल ठेवा. खडा साचला असेल तर पाणी आणि तंतुमय पदार्थ पुरत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध अनेक आठवडे, कधी महिनेही घ्यावं लागतं. दोन दिवस पोट साफ झालं म्हणून ते थांबवलं की त्रास पुन्हा उलटतो.

अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. बहुधा आधी दुखतं, मग उलटी होते. मूल उडी मारायला तयार नसतं. रेचक न देता थेट रुग्णालयात न्या. पाच वर्षांखाली लक्षणं इतकी स्पष्ट नसतात, तिथे वाट पाहू नका.

हिरवी उलटी, रक्त किंवा काळी शी दिसली तरीही तातडीने न्या. झोपेतून उठवणारं दुखणं किंवा घटतं वजन असेल तर डॉक्टरांना दाखवाच. उलट्यांसोबत तहान-लघवी वाढली असेल तर लगेच रक्तातली साखर तपासून घ्या. मुलगा असेल तर अंडकोष दुखतोय का, सुजलाय का, तेही बघा. त्याला पीळ पडला असेल तर पहिल्या ६ तासांतच शस्त्रक्रिया व्हायला हवी.